हापूसच्या बागेतील फळमाशी कशी ओळखावी

कापलेल्या आंब्याभोवती घोंगावणारी बारीक चिलटे म्हणजेच फळमाशी, असा समज कोकणात सर्रास आढळतो. चिलटे आंबलेल्या फळावर येतात. बागायतदाराचे खरे नुकसान करणारी फळमाशी मात्र बॅक्ट्रोसेरा या प्रजातीतील असून, ती झाडावरच्या तयार होत आलेल्या धडधाकट फळाच्या सालीखाली अंडी घालते. युरोपीय संघाने 2014 मध्ये हापूसची आयात थांबवली, ती मालात फळमाशी सापडल्यामुळेच.

सापळ्यातली मेलेली माशी पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगाखाली पाहावी. आकाराने ती साधारण घरमाशीएवढी, परंतु ठेवणीने गांधीलमाशीकडे झुकणारी असते. आंब्यावर प्रामुख्याने येणाऱ्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस या जातीची पाठ काळसर असून तिच्या दोन्ही कडांना एकेक पिवळा पट्टा असतो आणि तांबूस पोटावर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची काळी खूण दिसते. काही माश्यांची पाठ तांबूसही निघते, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. माझ्या मते पंख पाहिल्याशिवाय निर्णय करूच नये. डॉर्सालिसच्या पारदर्शक पंखाच्या पुढच्या कडेने अरुंद तपकिरी किनार टोकापर्यंत सलग जाते. ती मध्येच तुटून टोकाशी वेगळा ठिपका दिसला, तर माशी झोनाटा किंवा करेक्टा जातीची असण्याचा संभव असतो. त्यांतली झोनाटा अंगाने तांबूस-तपकिरी असते, तर करेक्टाच्या चेहऱ्यावर आडवी काळी पट्टी असते.

पोटाच्या शेवटी टोकदार नळी असेल तर ती मादी समजावी. मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात मादी क्वचितच सापडते, कारण हा गंध नरांनाच ओढतो (तुळशीतही हे द्रव्य असते). दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच गंधावर चालतो. नर कमी झाले की माद्यांचे मीलन घटते. पण आधीच फळलेल्या माद्या बागेत असतातच, म्हणून सापळा भरला तरी फळे तपासणे सोडू नये.

फळावर सुईने टोचल्यासारखा बारीक डाग, कधी त्यावर चिकाचा थेंब, आणि पुढे भोवतालचा भाग मऊ पडलेला दिसतो. असे फळ कापल्यास गरात पांढऱ्या अळ्या आढळतात. पूर्ण वाढलेली अळी अंग वाकवून उडी मारते. साका (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष) झालेल्या फळात मात्र अळी नसते. या अळ्या फळातून बाहेर पडून मातीत कोषावस्थेत जातात, त्यामुळे कलमाखाली गळलेली फळे रोजच्या रोज वेचून नष्ट करावीत. बांधावर टाकून देऊ नयेत.