वस्तू ओळखा: चाडं, चिपटं, अडकित्ता

खेळ मांडण्याआधी जुन्या वस्तू चिंचेने लख्ख घासू नका. झीज आणि ठसे हेच पुरावे. ते गेले की उरतो निव्वळ अंदाज. ओळखणाऱ्याने वस्तू आधी हातात घ्यावी, बोटं कुठे बसतात, कुठला भाग गुळगुळीत झालाय ते बघावं. नाव शेवटी.

सगळ्यात जास्त फसवतं ते चाडं. लाकडी वाटीसारखं, तळाला भोकं. बरेच जण कुंडी म्हणून मोकळे होतात. भोकं मोजा. कुंडीला निचऱ्यापुरतं एक पुरतं, इथे 3 सारखी दिसतील. त्यांत नळ्या बसतात आणि पेरताना मुठीतून सोडलेलं बी तिफणीच्या, म्हणजे तीन फणांच्या पेरणीच्या औताच्या, तिन्ही फणांमागे पडतं. भोकं 4 असतील तर पाभरही (पेरणीचं औत) चार फणांची. वापरलेल्या चाड्यात भोकांच्या कडा बियाण्याने घासलेल्या असतात. शोभेची नवी नक्कल इथेच उघडी पडते.

चिपटं आणि मापटं ही धान्य मोजायची जुनी मापं. कुठलं कोणतं, हे नुसत्या नजरेने ठरवू नका. ज्वारी भरून शेराच्या मापात ओता: शेर भरायला 4 चिपटी लागतात, मापटी 2. शीग (काठावरचा ढीग) लावू नका, काठाशी सपाट भरा, नाहीतर हिशेब चुकतो.

सुपारी कातरायचा अडकित्ता सोपा, एकच पातं धारदार. मुलांना पहिल्या फेरीत तोच द्या, पण पातं बांधून.