कल्चर रिपोर्टमधले एस, आय, आर कसे वाचावेत

लघवीला जळजळ होते, जखम चिघळते, ताप हटत नाही, अशा वेळी डॉक्टर 'कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी' करायला सांगतात, म्हणजे नमुन्यातले जिवाणू लॅबमध्ये वाढवून त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते तपासायचं. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो. वर जिवाणूचं लांबलचक नाव, खाली औषधांची यादी, प्रत्येक औषधापुढे एक अक्षर. बहुतेक जण त्यातले 'आर' मोजतात आणि धास्तावतात. पण तुमची तब्येत किती बिघडली आहे हे त्या 'आर'वरून कळत नाही. कोणत्या औषधाला तो जिवाणू दाद देत नाही, एवढंच कळतं.

आधी वरचा भाग वाचा

नमुना कशाचा आहे आणि कधी घेतला, हे पाहा. अँटिबायोटिकचा डोस सुरू झाल्यावर नमुना दिला असेल, तर संसर्ग असूनही 'नो ग्रोथ', म्हणजे जिवाणू वाढलेच नाहीत, असं येऊ शकतं. डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

लघवीच्या कल्चरमध्ये जिवाणूंची संख्याही दिलेली असते. मिलिलिटरला एक लाख हा जुना, रूढ आकडा. त्रास स्पष्ट असेल तर त्याहून कमी संख्याही महत्त्वाची ठरते. तीन-चार प्रकारचे जिवाणू एकदम वाढले असतील, तर बहुधा नमुना घेतानाच गडबड झालेली असते. आणि काहीच त्रास नसताना लघवीत जिवाणू सापडले, तर गरोदरपणासारखे मोजके अपवाद सोडता औषध लागत नाही. अनावश्यक गोळ्यांचं मोठं खातं इथेच उघडतं, असं माझं मत आहे.

मग अक्षरं

'एस' म्हणजे नेहमीच्या डोसला जिवाणू दाद देईल अशी अपेक्षा. 'आर' म्हणजे डोस वाढवूनही उपयोग होण्याची शक्यता कमी. घोळ होतो तो 'आय'चा. त्याला सरसकट 'अर्धवट चालेल' समजू नका. युरोपीय निकष ठरवणाऱ्या समितीने २०१९ पासून त्याचा अर्थच बदलला: औषध चालेल, पण शरीरात ते जास्त प्रमाणात पोचायला हवं, म्हणजे डोस वाढवून किंवा औषध जिथे आपोआप साठतं अशा जागी.

आकड्यांची तुलना करू नका

काही रिपोर्टमध्ये अक्षराशेजारी एमआयसी असतो. जिवाणूची डोळ्यांना दिसणारी वाढ थांबवायला मिलिलिटरला किमान किती मायक्रोग्रॅम औषध लागलं, तो हा आकडा. सगळ्यात लहान आकड्याचं औषध सगळ्यात चांगलं, हा समज साफ चुकीचा. ई. कोलाय या लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणाऱ्या जिवाणूसाठी पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टमचा आकडा ४ आला तर 'एस', सिप्रोफ्लॉक्सासिनचा १ आला तरी 'आर'. प्रत्येक औषधाची सीमारेषा वेगळी असते.

'आर' आला कुठून, ते ओळखा

'हे औषध मी आयुष्यात घेतलेलं नाही, मग आर कसा?' हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्तच आहे.

काही 'आर' जन्मजात असतात. क्लेब्सिएला नावाच्या जिवाणूच्या रिपोर्टमध्ये अँपिसिलिन या औषधापुढे 'आर' असणारच. त्यात नवं काही घडलेलं नाही.

दुसरे 'आर' उत्परिवर्तनातून येतात. जिवाणू फुटून दोनाचे चार, चाराचे आठ होताना जनुकांची नक्कल कुठेतरी चुकते. त्यातली एखादी चूक औषधापासून बचाव करणारी निघते. औषध पाहून जिवाणू हा बदल मुद्दाम घडवतो का? एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या शास्त्रज्ञांनी १९५२ साली याचा निकाल लावला. जिवाणू वाढवलेल्या प्रयोगशाळेतल्या थाळीवर त्यांनी मखमलीचा तुकडा दाबला आणि त्याचा ठसा औषध घातलेल्या थाळीवर उमटवला. तिथे जे तगले, त्यांची जागा मूळ थाळीवर शोधली. त्या जागेवरच्या, औषधाचं तोंडही न पाहिलेल्या जिवाणूंमध्ये तेच सामर्थ्य आधीपासून होतं. औषधाने बाकीचे मारले आणि यांना रान मोकळं करून दिलं.

तिसरा प्रकार मला सर्वांत बेरकी वाटतो. प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं कडं एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो. त्यावर अनेक औषधांना निष्प्रभ करणारी जनुकं एकत्र असू शकतात. म्हणून रिपोर्टमध्ये 'आर' टोळीने दिसतात. 'ईएसबीएल' असा शेरा असेल, तर त्या जिवाणूकडे बहुतेक पेनिसिलिनं आणि सेफॅलोस्पोरिनं तोडणारं एन्झाइम आहे. त्याच कड्यावर जेंटामायसिन किंवा को-ट्रायमॉक्साझोलला पुरून उरणारी जनुकंही असू शकतात. तुम्ही एकच औषध घेतलं, तरी निवड अख्ख्या कड्याची होते. आणि असा जिवाणू दुसऱ्या कुणाकडून तुमच्यापर्यंत पोचला असेल, तर तुम्ही एकही गोळी घेतलेली असण्याची गरज नाही.

यादीतून औषध स्वतः निवडू नका

नायट्रोफ्युरँटॉइनपुढे 'एस' दिसतो, पण ते मूत्राशयाच्या संसर्गापुरतं; संसर्ग मूत्रपिंडात गेला असेल तर तिथल्या पेशींत ते पुरेसं पोचत नाही. थाळीवर हा फरक दिसत नाही. उलट, 'आर' असलेलं औषध चालू असताना बरं वाटत असेल, तरी ते परस्पर बंद न करता डॉक्टरांना फोन करा. काही लॅब ताकदीची राखीव औषधं रिपोर्टमध्ये मुद्दाम छापत नाहीत. साधं औषध पुरत असेल तर तेच वापरलं जावं, हा त्यामागचा हेतू.

डॉक्टरांना इतकंच विचारा: हा जिवाणू खरंच आजाराचं कारण आहे का? चालू औषध याला लागू पडतं का? याहून मर्यादित जिवाणूंवर चालणारं औषध पुरेल का? किती दिवस घ्यायचं? आणि रिपोर्ट जपून ठेवा. काही महिन्यांत पुन्हा संसर्ग झाला, तर नवं कल्चर येईपर्यंत कोणतं औषध सुरू करायचं हे ठरवताना डॉक्टर जुना रिपोर्ट मागतील.