प्चुम बेनला लाँग बीचच्या खमेर विहारात जायचं असेल तर

दरवर्षी सप्टेंबर आला की कोणी ना कोणी विचारतंच, ते कंबोडियन, म्हणजे खमेर लोकांचं पितरांचं, प्चुम बेन, असतं ना, आपण गेलो तर चालेल का, काय न्यायचं, कसं बसायचं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी नागपूरची, बौद्ध घरातली, आता कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या जवळ राहते आणि बरीच वर्षं जातेय. चालेल, बिनधास्त जा. दारात कोणी अडवत नाही, उलट आधी जेवलात का विचारतात.

आधी तारखेचं बघा. प्चुम बेन १५ दिवस चालतं, खमेर पंचांगातल्या फोत्रबोत महिन्याच्या वद्य पक्षात. फोत्रबोत म्हणजे आपला भाद्रपदच, त्यामुळे बहुतेक वर्षी आपला पितृपंधरवडा आणि हे बरोबरच असतं, घरातलं पंचांग उघडलं तरी अंदाज येतो. २०२३ ला तर सर्वपित्री आणि त्यांचा मुख्य दिवस, दोन्ही १४ ऑक्टोबरलाच आले होते. प्चुम म्हणजे गोळा होणं आणि बेन म्हणजे पिंड, शब्दसुद्धा तोच. फक्त इथे सगळ्यांच्या नोकऱ्या, दुकानं, त्यामुळे मोठा कार्यक्रम जवळच्या शनिवार-रविवारी ठेवतात, तेव्हा आधी फोन करून दिवस नक्की करून घ्या.

कुठे जायचं? पहिल्यांदा जात असाल तर विलो स्ट्रीटवरचं खेमरा बुद्धिकाराम. सगळे त्याला वाट विलो म्हणतात, वाट म्हणजे त्यांच्या भाषेत विहार. सोन्याचं टोकदार छप्पर शोधत बसू नका, ही इमारत आधी तेल आणि केमिकल कामगारांच्या युनियनची होती, बाहेरून तशी साधीच वाटते. कंबोडिया टाउन वेगळं, ते ॲनाहाइम स्ट्रीटवर, २००७ मध्ये शहराने त्या भागाला अधिकृत नाव दिलं. त्या बाजूला गल्ल्यांमध्ये साध्या घरांतही छोटे विहार आहेत, तिथे गेलात तर शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेसमोर गाडी लावू नका, तक्रार झाली की भोगावं लागतं भिक्खूंना.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं ते, नावांचा कागद. याच्यासाठी थोडं मागचं माहीत पाहिजे. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजने, म्हणजे पोल पोतच्या कट्टर कम्युनिस्टांनी, कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह घेतली आणि १९७९ च्या जानेवारीपर्यंत साधारण १७ लाख माणसं गेली, उपासमारीने, आजाराने, मारून टाकलेली. भिक्खूंची चीवरं उतरवली, विहारांची गोदामं आणि तुरुंग केले. जे वाचले ते थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांतून इकडे आले. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या आजीला तिचा बाप कोणत्या दिवशी गेला ते माहीत नसतं, कुठे पुरला तेही माहीत नसतं, अस्थी नाहीत, फोटोही नाही. आपल्याकडे तिथी माहीत नसेल त्याचं सर्वपित्रीला करतात, इथे जवळजवळ अख्ख्या पिढीचं तसंच आहे. म्हणून विहारात गेल्यावर घरातल्या गेलेल्यांची नावं कागदावर लिहून द्यायची, ती वाचली जातात आणि भिक्खू त्यांच्यासाठी सुत्त म्हणतात, त्याला बांगस्कोल म्हणतात, पालीतला पंसुकूल. एका वर्षी माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी पर्समधून कागद काढला, डोनटच्या दुकानाच्या बिलाची मागची बाजू, घड्या पडून पडून मऊ झालेला, त्यावर अकरा नावं. शेवटच्या नावापाशी त्यांनी बोट ठेवलं आणि हाताने जमिनीपासून उंची दाखवली, माझ्या गुडघ्याएवढी. मी काही बोलले नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच.

तुम्हीही तुमच्या माणसांची नावं नेऊ शकता, इंग्रजी लिपीत ठळक लिहा म्हणजे वाचणाऱ्याला अडचण नको. कागद आचारकडे द्यायचा, आचार म्हणजे विधी सांभाळणारे गृहस्थ, आपला आचार्य शब्द तो. सोबत पाकिटात यथाशक्ती दान, आकडा कोणी विचारत नाही.

जेवण घेऊन जाणार असाल तर वेळ पाळा. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत आणि बाराला पाच कमी असताना डबा ठेवून उपयोग नाही, मंत्र म्हणून, वाढून, जेवून व्हायला वेळ लागतो, मी पहिल्या वर्षी साडेअकराला भात-वरण घेऊन पोचले आणि पंगत उठत आली होती. दहापर्यंत पोचा. भात, भाजी, फळं, पाण्याच्या बाटल्या, काहीही चालतं. खूप जण गुलाबी खोक्यात डोनट आणतात, कॅलिफोर्नियातली कितीतरी डोनटची दुकानं खमेर लोकांची आहेत, रात्री दोन-तीनला उठून तळायला लागतात आणि मग थेट विहारात येतात.

कपडे साधे, खांदे आणि गुडघे झाकलेले, पांढरा वरचा कपडा असेल तर छानच. बाहेर चपला काढायच्या. बसताना मांडी नाही, दोन्ही पाय एका बाजूला मागे दुमडून, पाऊल बुद्धमूर्तीकडे किंवा भिक्खूंकडे करायचं नाही. गुडघे दुखत असतील तर मागे खुर्च्या असतात, लाजू नका. हात जोडायचे ते माणूस बघून उंच, बरोबरीच्याला छातीशी, म्हाताऱ्या माणसांना त्याहून वर, भिक्खूंना भुवयांपर्यंत. बायकांनी भिक्खूंच्या हातात थेट काही द्यायचं नाही. मला हे माहीत नव्हतं, मी पाकीट पुढे केलं तर त्यांनी शांतपणे समोर कापड पसरलं, त्यावर ठेवायचं असतं. हाक मारताना आजीला येय, आजोबांना ता, थोड्या मोठ्या माणसाला बोंग, नाव घेऊन हाक मारू नका. आभार म्हणजे अरकुन.

मंत्र सुरू झाले की आपल्यातल्या खूप जणांना घरचं वाटेल. नमो तस्स भगवतो, मग त्रिशरण, पंचशील, शब्द तेच जे दीक्षाभूमीवर लहानपणापासून ऐकले, उच्चार एवढा वेगळा की पहिली ओळ कळेपर्यंत दुसरी निघून जाते. शेवटी सगळे साथु साथु साथु म्हणतात, आपलं साधु साधु साधु.

पहाटेचा विधी बघायचा असेल तर अंधारात, चारच्या सुमाराला. भाताचे छोटे गोळे, बाय बेन, विहाराभोवती फिरत टाकतात, कारण भुकेल्या प्रेतात्म्यांना उजेडात येता येत नाही आणि त्यांचं तोंड सुईच्या भोकाएवढं असतं असं मानतात. आता प्रश्न येतो तो आमच्यासारख्यांचा. २२ प्रतिज्ञांमध्ये स्पष्ट आहे, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, आणि ती प्रतिज्ञा माझ्या आजोबांनी १९५६ ला घेतलेली, ती मी मोडणार नाही. म्हणून मी गोळे टाकत नाही, कोणी आग्रहही केला नाही. मी सुत्त ऐकायला बसते, भोजनदान देते, नावं वाचताना हात जोडून ऐकते, आणि हे सगळं मला पटतं. पण त्यांच्या तोंडावर जाऊन, बुद्धाने असं सांगितलंय का, असला वाद घालू नका. पालीतल्या तिरोकुड्ड सुत्तात भिंतींपलीकडे येऊन उभ्या राहिलेल्या नातलगांचं वर्णन आहेच, ही परंपरा तिथून आलेली आहे, आणि ज्या बाईने आईला भाताविना मरताना पाहिलंय तिच्यासाठी त्या गोळ्याचा अर्थ काय असेल याचा विचार करा.

काय विचारू नये हेही सांगते. सामाय पोल पोत, म्हणजे पोल पोतच्या समयाला काय झालं, हे स्वतःहून काढायचं नाही. २००५ मध्ये लाँग बीचच्या खमेर निर्वासितांवर अभ्यास छापून आला, त्यात ६२ टक्के लोकांना त्या आघाताचा त्रास चालूच होता, इथे येऊन वीस वर्षं झाली तरीही. कोणी आजी आपणहून सांगायला लागल्या तर ऐका, फोन खिशात ठेवा, आणि रडणाऱ्या माणसाचा फोटो तर अजिबातच नको. विषय हवाच असेल तर महा घोसानंदांबद्दल विचारा, नालंदेत शिकलेले भिक्खू, छावण्यांमध्ये फिरून मेत्त सुत्ताची, म्हणजे मैत्रीच्या सुत्ताची पत्रकं वाटली त्यांनी, न हि वेरेन वेरानि म्हणत, वैराने वैर शमत नाही. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये गेले. आणि सगळे खमेर बौद्धच असतात असं धरून चालू नका, चर्चला जाणारेही बरेच आहेत, कंबोडियातल्या चाम जमातीचे मुसलमानही आहेत.

जेवणं झाली की भांडी घासायला मागे जा, ओळख तिथेच होते. निघताना येय केळीच्या पानात बांधलेलं नुम अन्सोम हातात देतील, चिकट भात आणि आत मुगाची डाळ, पण बहुतेक वेळा डुकराचं मांसही असतं. खात नसाल तर नुम अन्सोम चेक मागा, ते केळ्याचं. घरी येऊन पानासकटच वाफवा, मग सोडा, नाहीतर अर्धा भात पानालाच चिकटतो.