प्लॅनिंग शिकताय? एक वॉर्ड धरा आणि डिग्रीभर सोडू नका

अर्बन अँड रीजनल प्लॅनिंगला ॲडमिशन घेतलंय किंवा घ्यायचंय, पण अभ्यास नेमका कसा करायचा ते कळत नाहीये, असं विचारणारी मुलंमुली हल्ली बरीच भेटतात, आणि बहुतेक आपल्याच मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यातली असतात. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते.

ॲडमिशनचं आधी पटकन. बी.प्लॅन, म्हणजे प्लॅनिंगची पहिली डिग्री, चार वर्षांचं असतं, बारावीला मॅथ्स लागतंच. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या एसपीएसाठी (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) जेईई मेनचा पेपर २बी द्यायचा, त्यात मॅथ्स, ॲप्टिट्यूड आणि प्लॅनिंगवरचे प्रश्न असतात. ड्रॉइंगची परीक्षा बी.आर्कवाल्यांच्या २एला असते, २बीला नसते, त्यामुळे "मला चित्र काढता येत नाही" म्हणून कुणी मागे हटू नका प्लीज. जेईई मेन मराठीतूनही देता येते. जवळ हवं असेल तर पुण्याला सीओईपीत बी.प्लॅन आणि एम.प्लॅन दोन्ही आहे. मास्टर्सला बहुतेक ठिकाणी गेट ही प्रवेशपरीक्षा, त्यात आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर, आणि एम.प्लॅनला सिव्हिल-आर्किटेक्चरशिवाय भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्राचं एमए केलेल्यांनाही बऱ्याच कॉलेजांत घेतात. मुंबई सोडायचीच नसेल तर देवनारच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) अर्बन पॉलिसी अँड गव्हर्नन्सचं एमए आहे, पवईला आयआयटीत अर्बन सायन्स अँड इंजिनिअरिंगचं सेंटर आहे. नियम दर वर्षी बदलतात, त्यामुळे सीनियर काय म्हणतो त्यापेक्षा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

आता मुद्द्याचं. स्टुडिओमध्ये, म्हणजे प्लॅन बनवण्याच्या प्रॅक्टिकलला, प्रत्येक सेमला नवीन साइट मिळते, एकदा एखादं छोटं गाव, मग एखादं मध्यम शहर, मग एखादा रीजन. सगळा वेळ शीट रंगवण्यात आणि रात्री जागून प्रिंट काढण्यात जातो, ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं, झाली की साइट डोक्यातून गेली. असं चार वर्षं केलं की थोडं थोडं सगळ्याचं माहीत होतं पण एखाद्या जमिनीचं असं का झालं हे शेवटपर्यंत सांगता येत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कॉलेज काय देईल ते करा, पण आपला एक वॉर्ड निवडा आणि डिग्रीभर त्याच्या मागे लागा, जो विषय शिकाल तो त्या वॉर्डवर लावून बघा. कॉलेज बाहेरगावी असलं तरी सुट्टीत घरी येताच ना, तेव्हा करा.

कुठला वॉर्ड? जिथे राहता तो, किंवा जिथे जाणं-येणं सोपं आहे तो. मी उदाहरणाला जी साऊथ घेते, म्हणजे वरळी, लोअर परळ, प्रभादेवी, कारण तिथे चालत फिरता येईल एवढ्या अंतरात कोळीवाडा, बीडीडी चाळी, गिरण्यांच्या जमिनी, झोपडपट्टी, काचेचे टॉवर आणि आता कोस्टल रोड सगळं एकत्र आहे.

पहिलं काम, डीपी २०३४ ची, म्हणजे मुंबईच्या विकास आराखड्याची, त्या वॉर्डची शीट डाउनलोड करायची. दोन नकाशे लागतील, ईएलयू म्हणजे आज जमिनीवर काय आहे आणि पीएलयू म्हणजे पुढे काय ठरवलंय. डीपीत ई ने सुरू होणारा कोड म्हणजे आत्ता असलेली सोय आणि आर ने सुरू होणारा म्हणजे आरक्षण, पुढच्या सार्वजनिक सोयीसाठी राखून ठेवलेली जमीन. पाच-सहा आरक्षणं निवडा, शाळा, मैदान, दवाखाना, मार्केट असं वेगवेगळं, सीटीएस नंबर (जमिनीचा सिटी सर्व्हे क्रमांक) लिहून घ्या आणि नकाशा हातात घेऊन चालत निघा. प्रत्येक ठिकाणी उभं राहून बघा की मैदान म्हणून रंगवलंय तिथे प्रत्यक्षात काय आहे, आत जाता येतं का, गेटवर कुणाचं कुलूप आहे, आणि मागच्या डीपीत त्याच तुकड्यावर काय लिहिलं होतं. हे एकदा केलं की नकाशाकडे बघायची नजरच बदलते. वरळी कोळीवाड्यात जा, मासे वाळत घालायची जागा, जाळी पसरायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा ही बाहेरच्या माणसाला रिकामी जागा वाटते आणि सर्व्हे करणाऱ्याने रिकामी म्हणून लिहिली की पुढच्या प्लॅनमध्ये ती "उपलब्ध" होते. त्याच कोळ्यांनी कोस्टल रोडच्या पुलाचे खांब लांब लांब ठेवा, आमच्या होड्या सुखरूप जाऊ द्या म्हणून वर्षानुवर्षं भांडून क्लीव्हलँड बंदराजवळचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, ६० मीटरचा १२० मीटर करून घेतला, मधला एक खांबच वगळावा लागला. ट्रान्सपोर्टच्या लेक्चरला हे कुणी शिकवेलच असं नाही, म्हणून तुम्हीच जाऊन विचारून या.

मग गिरण्यांच्या जमिनी. यावर वेळ घालवा, कारण आपल्या शहरात प्लॅनिंग कसं चालतं ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९९१ च्या डीसीआरमध्ये (विकास नियंत्रण नियमावलीत) ५८ नंबरचा नियम होता, त्यानुसार गिरणीची जमीन विकायला-बांधायला काढली तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ ला नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, शेडखालची जमीन हिशोबातून बाहेर. गिरणीत बहुतेक जमीन शेडखालीच असते, म्हणजे शहराच्या वाट्याला काय उरलं असेल बघा. कोर्टबाजी झाली आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. एका नियमातल्या दोन-तीन शब्दांनी शेकडो एकरांचं भवितव्य ठरलं, तुम्ही शीटवर कितीही सुंदर बाग काढा. म्हणून दोन्ही मजकूर, जुना आणि बदललेला, शेजारी शेजारी ठेवून वाचा आणि एखाद्या गिरणीचं क्षेत्रफळ घेऊन दोन्ही पद्धतीने वाटणी स्वतः काढा, कॅल्क्युलेटरवर अर्ध्या तासाचं काम आहे.

त्याचाच पुढचा भाग स्टेशनवर दिसतो. गिरण्या गेल्या, ऑफिसं आली, रोज येणारी माणसं वाढली, पण स्टेशनचे जिने आणि पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. वर किती मजले बांधायचे ते राज्य आणि महापालिका ठरवतात, जिन्याची रुंदी रेल्वे ठरवते, आणि दोघांचे आकडे एका टेबलावर कधी येतच नाहीत. प्लॅनिंग शिकणाऱ्याने ते आकडे एकत्र आणायला शिकायचं, हा विषय मला त्यासाठीच महत्त्वाचा वाटतो. सकाळी गर्दीच्या वेळी स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर उभं राहून पंधरा-पंधरा मिनिटांचे काउंट घ्या, दोन्ही दिशांचे वेगळे, आणि शेजारच्या ऑफिस बिल्डिंगांच्या बिल्टअप एरियावरून अंदाज काढून ताडून बघा.

कायद्याला घाबरू नका. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम १९६६, हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलात तर झोप येईल, म्हणून असा वाचा: कलम २२ मध्ये डीपीत काय काय असावं, २६ मध्ये मसुदा प्रसिद्ध करणं, २८ हरकती-सूचना आणि सुनावणी, ३१ सरकारची मंजुरी, ३७ मंजूर प्लॅनमध्ये नंतर फेरबदल, मग १२६ आणि १२७, म्हणजे आरक्षित जमीन ताब्यात कशी घ्यायची आणि वेळेत घेतली नाही तर आरक्षण कसं रद्द होतं. प्लॅन मंजूर झाल्यावर दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यावर पालिकेने मुदतीत काही केलं नाही की मैदान गेलं. आपल्या वॉर्डातलं असं एखादं हातचं गेलेलं आरक्षण शोधून त्याची पूर्ण कहाणी लिहा, १२७ परत पाठ करावं लागणार नाही. शक्य असेल तर कायदा मराठीतूनही वाचा, कारण राजपत्रातल्या नोटिसा, पालिकेचे ठराव, सातबारा, सगळं मराठीत असतं आणि इथे इंग्लिश मीडियमची मुलं फार अडकतात. डीसीपीआर २०३४ (मुंबईची आत्ताची बांधकाम नियमावली) मधलं ३३(७) आणि ३३(१०) पण करून टाका, पहिलं जुन्या उपकर भरणाऱ्या इमारतींच्या पुनर्विकासाचं, दुसरं झोपडपट्टी पुनर्वसनाच्या झोपु (एसआरए) योजनेचं, मुंबईत लोक नुसतं "तेहतीस सात", "तेहतीस दहा" म्हणतात आणि समोरच्याला कळेल असं धरून चालतात. मुंबईबाहेर बहुतेक महाराष्ट्राला २०२० चं यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित नियमावली, लागतं, दोन्हींची गल्लत करू नका.

घरोघरी सर्व्हे करायचा असेल तर दुपारी जाऊन उपयोग नाही, तेव्हा घरात म्हातारी माणसं आणि काही बायकाच भेटतात, कामावर जाणारे सगळे सुटतात आणि तुमचा प्रवासाचा डेटा चुकतो. रात्री आठनंतर किंवा रविवारी सकाळी जा. चाळीत फॉर्म घेऊन शिरलात की पहिला प्रश्न "बिल्डरकडून आलात का?" किंवा "एसआरएचा सर्व्हे आहे का?" हाच येतो, आणि तो रास्त आहे, ज्यांचं घर अशाच एका फॉर्मवरून पात्र-अपात्र ठरतं ते विचारणारच. कॉलेजचं पत्र दाखवा, ह्याने तुमच्या खोलीवर काही परिणाम होणार नाही हे पहिल्या वाक्यात सांगा, आधार नंबर वगैरे काहीही मागू नका. काका, मावशी म्हणून बसलात, पाणी घेतलंत की लोक आपणहून बोलतात. बीडीडीच्या पुनर्विकासात १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या फ्लॅटमध्ये जाणं म्हणजे काय, मेंटेनन्स कोण भरणार, गणपती कुठे बसणार, हे प्रश्नावलीत कधीच नसतं, म्हणून फॉर्मच्या मागे अर्धं पान कोरं ठेवा. आधी सर्व्हे मग प्लॅन, हे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी सांगितलं, आणि १९१९ मध्ये तो आपल्याच मुंबई युनिव्हर्सिटीत समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला होता. थिअरीच्या पेपरात गेडिस येतोच, पण त्याची पद्धत तुमच्या वॉर्डात वापरून बघा.

आकड्यांचं थोडं. हाताशी असलेली पूर्ण जनगणना अजून २०११ चीच आहे, त्यामुळे "सध्याची लोकसंख्या" लिहिताना तुमचा अंदाज कसा काढला ते खाली लिहा, ज्युरी पहिलं बोट तिथेच ठेवते. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, ते पहिल्याच वर्षी शिका. केंद्राच्या यूआरडीपीएफआय या शहर-प्रादेशिक नियोजनाच्या मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा म्हटलीये. आपल्या वॉर्डाची काढून बघा, एकदा सगळा हिरवा रंग धरून आणि एकदा फक्त जिथे कुणीही फुकट आत जाऊ शकतो तेवढंच धरून, जिमखाने, क्लब, दफनभूमी वगळून. दोन आकड्यांतला फरक हाच तुमचा रिपोर्ट.

रीजनल प्लॅनिंगला मुलं नाक मुरडतात, फार अमूर्त वाटतं म्हणून. त्यावर उपाय, आपल्या वॉर्डातल्या नळाचं पाणी उलट दिशेने शोधत जा. तुळशी आणि विहार सोडले तर मुंबईचे बाकीचे तलाव मुंबईच्या बाहेर आहेत, तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा. कसारा लोकल पकडा, आसनगावला उतरा, शहापूर तालुक्यात एप्रिल-मेमध्ये जा. तानसा-भातसा त्याच तालुक्यात, आणि तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. रीजन म्हणजे काय हे त्या टँकरच्या रांगेत जितकं कळतं तितकं नोट्स वाचून कळणार नाही. परत आल्यावर एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) प्रादेशिक आराखडा उघडा, आणि राज्यघटनेतल्या ७४ व्या दुरुस्तीने सांगितलेली महानगर नियोजन समिती कुणाची असते, ती काय करू शकते ते वाचा, आता ते कोरडं वाटणार नाही.

नोकरीचं एका परिच्छेदात: कन्सल्टन्सी, महापालिका, सिडको-एमएमआरडीए, संशोधन संस्था, आणि एमपीएससीतून सहायक नगर रचनाकार, त्याची पात्रता जाहिरातीत नीट बघा. इंटर्नशिपला चकचकीत ऑफिसपेक्षा जिथे डीपीच्या सुनावणीची कागदपत्रं हाताळायला मिळतील तिथे जा, पैसे कमी असले तरी.

शेवटचं काम, डिग्री संपायच्या आत एक खरी हरकत दाखल करा. २०१५ मध्ये मुंबईच्या डीपीचा पहिला मसुदा आला तेव्हा हजारो हरकती आल्या, चुका बाहेर पडल्या, तो बाजूला ठेवून नवा मसुदा करावा लागला आणि मंजुरी २०१८ ला मिळाली, म्हणजे हरकत ही वाया जाणारी गोष्ट नाहीये. कलम ३७ खालच्या फेरबदलाच्या नोटिसा पेपरात आणि राजपत्रात येत असतात, आपल्या वॉर्डातली एक पकडा. पत्र एका पानाचं ठेवा, वर नोटिशीचा क्रमांक-तारीख, सीटीएस नंबर, मग काय बदलतंय, त्याने कुणाचं काय जातं, आणि तुम्हाला त्याऐवजी नेमकं काय हवंय. सोबत नकाशाचा तुकडा लाल पेनने मार्क करून आणि तुम्ही स्वतः घेतलेला काउंट जोडा. मुदतीच्या आत हाताने नेऊन द्या, आपल्या कॉपीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि सुनावणीचं पत्र आलं की वस्तीतल्या दोन-चार जणांना सोबत घेऊन जा, बोलायला आधी त्यांना द्या.