पूल कुणाला आणि लेन कुणाला: बीपीएमएन चित्र काढताना

बीपीएमएन म्हणजे कामाचा क्रम ठरलेल्या चिन्हांनी चित्रात मांडायची पद्धत. तिच्यातले चौकोन, हिरे आणि गोल एका दुपारी शिकून होतात. चित्र बिघडतं ते त्याच्या आधीच, पूल आणि लेन आखताना. याबद्दल इंटरनेटवर मिळणारा सल्ला बहुतेक एका वाक्याचा असतो: प्रत्येक विभागाला एक लेन द्या आणि बाण जोडत चला. तो पाळून काढलेली चित्रं मी नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कित्येक भिंतींवर पाहिली आहेत. दिसायला नीटनेटकी असतात, पण काम कुठे अडतं हे त्यांतून कळत नाही. म्हणून हा लेख.

आधी शब्दाबद्दल. ‘पूल’ मराठीत वाचला की गोदावरीवरचा पूल डोळ्यांसमोर येतो आणि अर्थच उलटा होतो. नदीवरचा पूल दोन काठ जोडतो. हा पूल एका स्वतंत्र प्रक्रियेला दुसरीपासून वेगळं करतो. हा पोहण्याचा तलाव आहे आणि लेन म्हणजे त्यात दोऱ्या बांधून केलेले पट्टे, एकाच प्रक्रियेत काम करणाऱ्या प्रत्येकाला एक. पोहणारा दोरीखालून शेजारच्या पट्ट्यात जाऊ शकतो. एका तलावातून दुसऱ्या तलावात मात्र पोहत जाता येत नाही, फक्त काठावरून हाक मारता येते. पुढचे सगळे नियम या एका चित्रातून निघतात, त्यामुळे ते डोक्यात पक्कं बसू द्या.

टास्क (एक काम, चौकोन), गेटवे (रस्ता फुटतो ती जागा, हिरा) आणि इव्हेंट (काहीतरी घडणं, गोल) हे तुम्हाला येतं असं धरतो. साधन म्हणून कॅमुंडा मॉडेलर किंवा त्याच घराण्यातलं, ब्राउझरमध्ये चालणारं बीपीएमएन डॉट आयओ घ्या. दोन पूलांमध्ये बाण ओढलात की ते आपोआप तुटक रेषेचा करतात. ड्रॉ डॉट आयओ हे कुठलंही चित्र काढायचं साधन चुकीचा बाणही निमूट काढून देतं; शिकताना ते टाळा.

१. सुरुवात आणि शेवट एका ओळीत लिहा. उदाहरण आपल्याकडचंच घेऊ: युरोपला जाणारा द्राक्षांचा एक रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर, ऑर्डर पक्की झाल्यापासून न्हावा शेवा बंदराकडे निघेपर्यंत.

२. कागदावर सगळ्यांची नावं काढा. संगणक बंद ठेवून. आयातदार, बागायतदार, रेसिड्यू (मालात उरलेला औषधांचा अंश) तपासणारी प्रयोगशाळा, फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र देणारं कार्यालय, ट्रान्सपोर्टर. आणि आतले: खरेदी, क्वालिटी, पॅकिंग, शीतगृह, डॉक्युमेंटेशन.

३. आता वाटणी करा: पूल कुणाला, लेन कुणाला.

इथे थांबा. बाकीच्या पायऱ्या तासाभरात उरकल्या तरी चालतील, या पायरीला एक अख्खी सकाळ द्या.

माझ्या सुरुवातीच्या एका हंगामात मी एका पॅकहाऊससाठी एकच मोठा पूल काढला आणि त्यात नऊ लेन घातल्या. प्रयोगशाळाही एक लेन, बागायतदारही एक लेन. क्वालिटीच्या लेनमधून ‘नमुना घ्यायला कळवा’, तिथून बाण प्रयोगशाळेच्या लेनमध्ये ‘तपासणी करा’, तिथून बाण थेट ‘तोडणी करा’कडे. भिंतीवर ते चित्र फार छान दिसत होतं. युरोपच्या मालाला नोंदणी झालेल्या प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेचा माणूस येऊन घेतो आणि रिपोर्ट पास झाल्यावरच तोडणी करायची असते. हे तिथे प्रत्येकाला पाठ होतं. मग फेब्रुवारीत एका प्लॉटचा रिपोर्ट लांबला. तोडणीची टोळी पहाटे बागेत हजर आणि रिपोर्टचा पत्ता नाही. टोळीला दिवसाची मजुरी देऊन परत पाठवावं लागलं. रिपोर्ट उशिरा आला तर तोडणी कुणी पुढे ढकलायची, टोळीला कुणी कळवायचं, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. ठरलं नव्हतं कारण चित्राने तो प्रश्न विचारलाच नव्हता. आमच्या लेनमधून त्यांच्या लेनमध्ये सरळ बाण गेला, की प्रयोगशाळा जणू आमच्याच घड्याळावर चालते असं ते चित्र सांगत होतं.

तेव्हापासून मी कागदावरच्या प्रत्येक नावाला पहिला प्रश्न हा विचारतो: याचं पुढचं काम कधी सुरू होणार हे आपल्या प्रक्रियेतून ठरतं का, की आपण फक्त कळवून वाट बघतो? ठरत असेल तर लेन. वाट बघत असू तर वेगळा पूल.

या प्रश्नाच्या आड दोन गोष्टी येतात आणि दोन्ही फसवतात. पहिली, पैसे. ‘फी आपण भरतो, म्हणजे प्रयोगशाळा आपली’ असं बैठकीत कुणीतरी म्हणतंच. फी भरल्याने त्यांच्या मशीनवर आपला नमुना आधी लागत नाही. दुसरी, जागा. ठेकेदाराकडून आलेल्या पॅकिंगच्या बायका आपल्याच सुपरवायझरच्या सांगण्यावरून टेबल बदलतात. पगारपत्रक कुणाचंही असो, त्या आपल्या लेनमध्ये आहेत. उलट, आवारातच टेबल टाकून बसलेला ट्रान्सपोर्टरचा माणूस गाडी त्याच्या मालकाच्या सोयीने लावतो. तो वेगळ्या पूलात.

आता वाट बघणं चित्रात कसं दाखवायचं? इथे दुसरी चूक होते आणि ती जास्त लपून राहते. लोक प्रयोगशाळेचा पूल वेगळा काढतात, तिकडे तुटक बाण पाठवतात, तिकडून तुटक बाण परत आणतात आणि समजतात की प्रक्रिया आपोआप थांबेल. तुटक बाण, म्हणजे मेसेज फ्लो, कुणालाच थांबवत नाही. ‘नमुना घ्यायला कळवा’ हे टास्क संपलं की काम लगेच पूलाच्या आतल्या भरीव बाणावरून पुढच्या टास्कवर जातं. थांबायचं असेल तर तुमच्याच पूलात थांबण्याची जागा काढावी लागते: पाकिटाचं चिन्ह असलेला दुहेरी गोल. परत येणारा तुटक बाण त्या गोलावर टेकवा.

पण नुसता तो गोल काढलात तर पाकीट न आल्यास प्रक्रिया कायमची तिथेच उभी राहते. म्हणून मी बाहेरच्या उत्तरावर अवलंबून असलेल्या प्रत्येक ठिकाणी इव्हेंट-बेस्ड गेटवे घालतो. हिऱ्यात दुहेरी गोल आणि त्यात पंचकोन, असं त्याचं चिन्ह. त्यातून दोन फाटे काढा. एकावर पाकीट: रिपोर्ट आला. दुसऱ्यावर घड्याळ: ठरलेली मुदत संपली. जे आधी घडेल तो रस्ता खुला होतो आणि दुसरा बंद. घड्याळाच्या फाट्यावर मी ‘तोडणी पुढे ढकला’ आणि ‘टोळीच्या मुकादमाला कळवा’ ही दोन टास्क घातली, खरेदीच्या लेनमध्ये. त्या हंगामात अडलेलं काम या दोन चौकोनांनी सुटलं. रिपोर्ट नापास आला तर काय, हे पाकिटाच्या फाट्यावर साध्या गेटवेने सोडवा.

तरीही चित्र पुरतं बरोबर नव्हतं. कंटेनर एक असतो, पण त्यात तीन-चार प्लॉटचा माल जातो. रिपोर्ट प्लॉटचा, ऑर्डर कंटेनरची. मी दोन्ही एकाच पूलात कोंबले होते, त्यामुळे एका प्लॉटचा रिपोर्ट आला की चित्रातला अख्खा कंटेनर पुढे सरकायचा. म्हणून दुसरा प्रश्न: सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपण एकाच गोष्टीची मोजणी करतो आहोत का? मोजणी बदलली की प्रक्रिया बदलली, मग ती आपल्याच कंपनीत का असेना. ‘प्लॉट तोडणीला तयार करणं’ हा एक पूल आणि ‘कंटेनर भरणं’ हा दुसरा, दोन्ही आपलेच, मध्ये तुटक बाण. प्रयोगशाळेची वाट बघणं मग आपसूक प्लॉटच्या पूलात जातं. अंबडमध्ये हाच प्रकार अकाउंट्सच्या बाबतीत दिसतो: माल येतो तो एकेका ऑर्डरचा, पण पुरवठादारांचे पैसे निघतात महिन्यातून एकदा, पन्नास बिलांचे एकत्र. ती महिन्याची फेरी ऑर्डरच्या पूलात लेन म्हणून घालू नका.

याचा अर्थ प्रत्येक विभागाला पूल द्या असा घेऊ नका. तीही चूक मी पाहिली आहे: स्टोअर, क्वालिटी, डिस्पॅच, सगळे वेगळे पूल. मग प्रत्येकाला स्वतःची सुरुवात, स्वतःचा शेवट, मध्ये तुटक रेषांचं जाळं, आणि एका ऑर्डरवर बोट ठेवून शेवटपर्यंत जाता येत नाही. मोजणी तीच आणि काम आपल्या सांगण्यावर चालतं, तर लेनच.

४. बाहेरचे पूल रिकामे ठेवा. आयातदाराच्या ऑफिसात काय चालतं हे तुम्हाला ठाऊक नाही, मग ते काढू नका. नुसती नावाची पट्टी काढा आणि बाण तिच्या काठाला टेकवा; बीपीएमएनच्या प्रमाणाला हे पूर्ण मान्य आहे. बागायतदार अनेक असतील तर पट्टीच्या खालच्या काठावर मधोमध तीन उभ्या रेघांची खूण करा, वीस पट्ट्या काढू नका. निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणारं ग्रेपनेट ही अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेची, प्रणाली आहे. तीही बाहेरचा, रिकामा पूल.

५. लेनला हुद्द्याचं नाव द्या, माणसाचं नको. माणूस दिवाळीनंतर दुसरीकडे जातो आणि चित्र खोटं पडतं. लेन म्हणजे नेमकं काय, हे २०११ मध्ये आलेल्या बीपीएमएन २.० ने चित्र काढणाऱ्यावर सोडलं आहे: भूमिका, विभाग किंवा प्रणाली, काहीही चालतं. या मोकळिकीचा लोक गैरवापर करतात. एक लेन ‘क्वालिटी सुपरवायझर’, दुसरी ‘टॅली’, तिसरी ‘पहिला मजला’. एका पूलात एकच निकष पाळा. मी भूमिका घेतो, कारण मजल्यावरचा माणूस चित्रात आधी स्वतःला शोधतो. टॅलीत नोंद होते हे दाखवायचं असेल तर डेटा स्टोअरचं (नोंदी साठवल्या जातात त्या जागेचं) चिन्ह पुरे. ज्यांच्यात कामाची देवघेव जास्त त्यांच्या लेन शेजारी ठेवा, म्हणजे बाण एकमेकांना कापत नाहीत. लेन सहाच्या वर गेल्या तर पायरी ३ वर परत या. बहुतेक वेळा एखादा पूल लेनच्या वेशात आत शिरलेला सापडतो.

६. बाण. पूलाच्या आत भरीव रेषा, कितीही लेन ओलांडू द्या. दोन पूलांच्या मध्ये तुटक. भरीव बाण पूलाची हद्द कधीही ओलांडत नाही आणि तुटक बाण एकाच पूलातल्या दोन गोष्टींना कधीही जोडत नाही.

या शेवटच्या नियमावर हमखास वाद होतो. ‘पण क्वालिटी पॅकिंगला व्हॉट्सअॅप करते ना, म्हणजे मेसेजच!’ व्हॉट्सअॅप असो, चिठ्ठी असो की शीतगृहाच्या दारातून मारलेली हाक, एकाच पूलात काम एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की तो भरीव बाण. मेसेज फ्लो म्हणजे दोन स्वतंत्र प्रक्रियांमधला निरोप. इथे माघार घेऊ नका. एकदा दोन लेनच्या मध्ये तुटक बाण शिरू दिला, की पूल आणि लेन यांतला फरकच उरत नाही.

७. तपासणी. ज्या पूलांच्या आत काम दाखवलं आहे, त्या प्रत्येकाला स्वतःची सुरुवात आणि शेवट आहे का बघा. दुसऱ्या पूलाच्या निरोपाने सुरू होणाऱ्या प्रक्रियेच्या सुरुवातीला पाकिटाचा गोल हवा, रिकामा गोल नको. मग बाहेरच्या सगळ्या पट्ट्या हाताने झाका. आतलं चित्र तरीही वाचता आलं पाहिजे. मध्येच तुटत असेल तर तुमचं एखादं काम चुकून बाहेरच्याच्या नावावर गेलं आहे.

त्यानंतर ए-३ वर छापा आणि ऑफिसात न बसता प्री-कूलिंगच्या (माल आधी थंड करायच्या खोलीच्या) दाराशी, ज्यांचे हुद्दे लेनवर आहेत त्यांच्यासोबत वाचा. चौकोनांतली वाक्यं त्यांच्या बोलीत लिहा: ‘पेट्या आत घ्या’, ‘तापमान लिहा’, ‘गाडी लावायला सांगा’. एका कंटेनरवर त्यांनाच बोट ठेवायला सांगा आणि प्रत्येक दुहेरी गोलापाशी विचारा की इथे आपण कुणाची वाट बघतो आणि तो आलाच नाही तर काय. सुपरवायझर मॅनेजरकडे बघायला लागला, तर तिथे घड्याळ राहिलं आहे. पेनाने तिथल्या तिथे काढा. चित्राच्या कोपऱ्यात तारीख घाला आणि एप्रिलमध्ये शेवटचा कंटेनर गेला की त्याच माणसांना घेऊन परत त्याच दाराशी जा; ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कुणाला वेळ मिळत नाही.