महागाईत घरखर्चाचा मेळ बसत नाही? या चुका टाळा

मागच्या वर्षी आठ हजारांत भागायचं, आता दहा पुरत नाहीत आणि पैसा नेमका कुठं गेला तेही सांगता येत नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची ही तक्रार आहे, आणि ती खरी आहे. भाव आपल्या हातात नाहीत. पण वाढलेला खर्च आपण ज्या रीतीनं भरून काढतो, त्यात अनेकदा भाववाढीपेक्षा जास्त पैसा जातो.

बातमीतला टक्का घराला लावणं

महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही, वाढीचा वेग मंदावला इतकंच. १०० रुपयांची वस्तू आधी ११० ला गेली आणि पुढच्या वर्षी ११२ ला, तर दुसऱ्या वर्षीचा दर २ टक्क्यांच्या आतच दिसतो. खिशातून मात्र १२ रुपये जास्तच जातात. शिवाय महागाई मोजायच्या, २०१२ च्या भावांशी तुलना करणाऱ्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा शहरी भागासाठी सुमारे ३६ टक्के, तर ग्रामीण भागासाठी ५४ टक्के धरला होता. म्हणजे डाळ-तेल महागलं की खेड्यातल्या घराला त्याची झळ कितीतरी जास्त बसते. दर कमी झाल्याची बातमी ऐकून नवा हप्ता अंगावर घेऊ नका.

फक्त रक्कम लिहिणं

‘किराणा ३,२०० रुपये’ एवढंच लिहिलं तर भाव वाढला की वापर वाढला हे कळत नाही. वस्तू, वजन, भाव असे तीन रकाने करा. सगळ्या सामानाचं नको. तेल, तूरडाळ, साखर, चहापत्ती, दूध, गॅस एवढं पुरे. दोन महिन्यांत गळती सापडते.

तेलात तर हमखास फसायला होतं. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण त्याच आकाराच्या दिसणाऱ्या पिशव्या ८५० किंवा ८०० ग्रॅमच्याही येतात. ८५० ग्रॅमची पिशवी १३५ रुपयांना पडली तर किलोचा भाव १५९ रुपये होतो. ९१० ग्रॅमची १४२ ला घेतली तर १५६. स्वस्त दिसते तीच महाग! १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा यांतही जवळपास सव्वा ते दीड किलोचा फरक असतो. पाकिटावर एका ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा दर छापणं आता बंधनकारक आहे. तो बारीक अक्षरात असतो, पण तोच वाचा.

व्याजानं पैसे काढून वर्षाचं धान्य भरणं

सुगीत साठवणीचं धान्य घेणं शहाणपणाचंच आहे. तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत, हरभरा आणि शाळू (रब्बी ज्वारी) फेब्रुवारी-मार्चमध्ये मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात येतात, तेव्हा भाव सहसा नरम असतो. पण महिना शेकडा ३ नं १०,००० उचलले आणि सोयाबीन आल्यावर, आठ महिन्यांनी फेडले, तर २,४०० रुपये नुसतं व्याज जातं. चार-पाच माणसांच्या घराची साठवणीतली बचत क्वचितच एवढी होते. रोख कमी असेल तर फक्त तूर आणि ज्वारी भरा, बाकीचं महिन्याला घ्या.

तूर घेऊन डाळ करायची असेल तर आधी गणित मांडा. क्विंटलभर तुरीची साधारण ७० किलो डाळ पडते. तूर ८,००० ला आणि डाळ करायची मजुरी ४०० धरली, तर डाळ १२० रुपये किलो पडली. दुकानातला भाव याच्या खाली असेल तर खटाटोप कशाला?

आणि भरलेलं धान्य किडलं तर सगळंच पाण्यात. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. चेपला तर अजून ऊन द्या. उन्हातून काढलेलं गरम धान्य लगेच कोठीत भरू नका, आत वाफ धरते आणि बुरशी येते. रात्रभर पसरून गार करा, मग भरा. डाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा, आणि कोठी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

‘सोयाबीन आल्यावर देऊ’

उधारीला व्याज लागत नाही, पण भाव बऱ्याचदा रोखीपेक्षा जास्त लावला जातो. दोन्ही भाव आधीच विचारा आणि माल घेतला त्याच दिवशी वहीत भाव लिहून घ्या. पीककर्जाचा पैसा किराण्यात घालू नका. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला मुदतीत फेड केली तरच बिनव्याजाची सवलत मिळते, आणि एकदा थकलं की ती जाते.

बारा महिने सारखेच धरणं

जूनमध्ये शाळा आणि बियाणं एकदमच येतं. मग पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी, वेळा अमावस्या. उन्हाळ्यात लग्नं आणि पाण्याचे जार नाहीतर टँकर. हे खर्च अचानक येत नाहीत. त्यांची वर्षाची बेरीज करा. ती ३६,००० झाली तर महिन्याला ३,००० वेगळ्या खात्यात टाका. शेतीवरच्या घरानं माल विकल्याच्या दिवशीच ही रक्कम बाजूला काढावी.

चुकीच्या जागी कात्री

खर्च कमी करताना पहिली कात्री डाळ, दूध, अंडी यांवर चालते, आणि घरातली बाई सगळ्यांत आधी स्वतःच्या ताटातलं कमी करते. असं होऊ देऊ नका. तूर महाग असेल तर अर्धी तूर, अर्धी मूग किंवा मसूर घाला. वरण नीट होतं. बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून जेनेरिक घ्या.

कात्री लावायचीच तर वीज आणि प्रवासावर लावा. विजेला घरगुती दराचा पहिला टप्पा महिन्याला १०० युनिटांचा आहे. त्यापुढच्या युनिटांनाच जास्त, जवळपास दुप्पट दर लागतो, सगळ्या बिलाला नाही. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे तालुक्याच्या कामाला दरवेळी गाडी काढायची गरज नाही.

रेशनकडेही लक्ष असू द्या. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला ३५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी झाली आहे ना, ते दुकानात तपासून घ्या, नाहीतर नाव गळू शकतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला तिकडच्या रेशन दुकानातूनही धान्य उचलता येतं. निघताना कार्ड आणि आधार सोबत घ्या.