कुटुंबासह परदेशी स्थायिक व्हायचंय? आधी मुलांची इयत्ता बघा, मग देश

खानापूर-आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी) कुटुंबं देशभरच्या सराफ पेठांमध्ये पसरली ती भावकीच्या आधारानं. आधी गेलेला पाहुणा खोली बघून द्यायचा, शाळा सांगायचा, पेठेत ओळख करून द्यायचा. आज सातारा-सांगलीतली कुटुंबं जर्मनी, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दुबईला निघतात, तेव्हा देश ठरतो नोकरीच्या ऑफरवर किंवा एजंटाच्या शब्दावर. कोणत्या गावात राहायचं हा प्रश्न तिकीट काढल्यावर आठवतो. हा क्रम उलटा करायला हवा. ज्याच्या नावावर व्हिसा आहे तो कोणत्याही देशात दिवसभर कामावर असतो. नवी भाषा, नवी शाळा, नवा बाजार हे पहिल्या दिवसापासून अंगावर येतं ते जोडीदाराच्या आणि मुलांच्या. म्हणून निवड त्यांच्यापासून सुरू करा.

पायरी १: घरातल्या प्रत्येकाची एक ओळ

एका कागदावर प्रत्येकाचं नाव, तिथं पोहोचण्याच्या दिवशीचं वय, शिक्षण, भाषा आणि चालू औषधं लिहा. समजा, कराडचं चौघांचं कुटुंब आहे: नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, वय ३६, बायको डी.फार्म., सध्या दुकानात, मुलगी सहावीत, मुलगा ३ वर्षांचा. गावाकडे आई-वडील आणि थोडी बागायत. आता या चौघांपैकी नव्या जागी सगळ्यात जास्त जड कुणाला जाणार, ते शोधायचं. इथं उत्तर आहे सहावीतली मुलगी, आणि तिच्या पाठोपाठ आई.

साधारण ८ वर्षांपर्यंतचं मूल कोणत्याही भाषेच्या शाळेत रुळतं. त्यानंतर देशाची शाळापद्धत बघावीच लागते. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती सहावीनंतर होते. अकरा-बारा वर्षांचं मूल तिथं गेलं, की आधी भाषेच्या तयारी वर्गात बसतं आणि मग कोणत्या शाळेत घालायचं ते ठरतं. हुशार मूलसुद्धा केवळ जर्मन कच्चं म्हणून खालच्या प्रवाहात पडू शकतं. वरच्या शाळेत नंतर जाता येतं, पण त्यात वर्षं जातात. अशा वयाचं मूल असेल तर इंग्रजी बोलणारा देश किंवा भारतीय अभ्यासक्रमाची शाळा आधी तपासा. जर्मनीच नक्की असेल, तर मुलांची भाषा निघण्याच्या किमान ८-१० महिने आधी सुरू करा, फक्त मोठ्यांची नव्हे.

नववी-दहावीतल्या मुलाला मधेच उचलू नका. दहावी होऊ द्या. आणि 'बारावीला परत आणू, इथं मेडिकलला घालू' असा बेत असेल तर आत्ताच नियम वाचा: महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावी राज्यातून झालेली लागते, अपवाद मोजके आहेत.

शाळेचं वर्षही सगळीकडे जूनला सुरू होत नाही. ऑस्ट्रेलियात जानेवारीअखेर, जर्मनीत राज्यानुसार ऑगस्ट-सप्टेंबर, दुबईतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत एप्रिल. जाण्याची तारीख यावरून मागे-पुढे करा.

पायरी २: जोडीदाराचं काम

पुष्कळ घरं परत येतात ती इथंच अडून. इथं कमावणारी, चारचौघांत मान असलेली बाई तिथं दोन-तीन वर्षं घरात बसते, आणि ते घरातल्या सगळ्यांना जाणवतं. दोन प्रश्न विचारा: व्हिसा काम करू देतो का, आणि पदवी चालते का.

जर्मनीच्या ब्लू कार्डधारकाच्या (हा उच्चशिक्षितांचा काम-वास्तव्य परवाना) जोडीदाराला कामाची पूर्ण मुभा असते. अमेरिकेत एच-४ वर (एच-१बी या कामाच्या व्हिसावर गेलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या जोडीदाराला, मुख्य व्यक्तीचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत मंजूर होईतो काम करता येत नाही. अमिरातीत वेगळा परवाना काढावा लागतो.

पदवीचं उत्तर जास्त कडू असतं. डी.फार्म.वर जर्मनीत किंवा कॅनडात फार्मासिस्ट होता येत नाही, तिथं पदवीच लागते. वकिली, डी.एड., बी.एड. या पात्रता सरळ चालत नाहीत. नर्सिंग चालतं, पण नोंदणी आणि भाषेची पातळी लागते. जर्मनीत बहुधा बी २, म्हणजे मध्यमच्या वरची पातळी. मिरजेतल्या नर्सच्या नावावर व्हिसा निघत असेल, तर हाच प्रश्न नवऱ्याबद्दल विचारा: दुकान चालवणारा माणूस तिथं सहा महिन्यांत काय काम करू शकेल?

पायरी ३: किती वर्षांसाठी जाताय ते ठरवा

दुबई पैसे साठवायला चांगली: वैयक्तिक आयकर नाही, मुंबईहून तीन तासांचं विमान, घड्याळात दीडच तासाचा फरक. कुटुंब नेण्यासाठी दरमहा किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, एवढा पगार लागतो. पण तेवढ्या पगारात चौघांचं भागत नाही, कारण शाळेची फी आणि भाडं खिशातून जातं. नागरिकत्वाचा नेहमीचा मार्गही नाही. तिथं जायचं तर परतीचं वर्ष ठरवून जा.

अमेरिकेत भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग दशकभराहून लांब आहे, आणि मूल २१ वर्षांचं झालं की पालकांच्या अर्जातून गळू शकतं. कराडची ती मुलगी या रांगेत अडकू शकते. जर्मनीत ब्लू कार्डवर कायम वास्तव्य २७ महिन्यांत मिळू शकतं, बी १ (मध्यम पातळीचं) जर्मन आलं तर २१ महिन्यांत. ऑस्ट्रेलियाची गुणपद्धत वयावर कठोर आहे: २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५, ४० ते ४४ ला १५, आणि ४५ नंतर दार बंद. तिथं ४९१ या प्रादेशिक कौशल्य व्हिसाला राज्याच्या नामांकनाचे १५ गुण मिळतात, मात्र सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून इतरत्र राहावं लागतं. पुष्कळांना ही अट शिक्षा वाटते. लहान मुलांच्या कुटुंबाला ती उलट सोयीची ठरू शकते, कारण ॲडलेड, पर्थ, कॅनबेरा यांसारखी शहरंही त्यात येतात.

आई-वडिलांचा हिशेब इथंच करा. कॅनडाच्या सुपर व्हिसावर (आई-वडील, आजी-आजोबांसाठीचा भेटीचा व्हिसा) ते एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहू शकतात. आरोग्य विमा आधी घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या पालक व्हिसाच्या रांगा फार लांब आहेत. शिवाय रात्री फोन आला तर किती तासांत गावी पोहोचाल तेही लिहा. मुंबईहून सांगली अजून पावणेचारशे किलोमीटर असते, ते सगळे विसरतात.

पायरी ४: आता गाव

एका देशातली दोन गावं दोन देशांइतकी वेगळी असतात. नोकरीच्या जागेभोवती ४० मिनिटांच्या प्रवासाचं वर्तुळ काढा. नकाशावर प्रवासाची वेळ रविवारी दुपारी बघू नका, मंगळवारी सकाळी पावणेआठची बघा. शारजात भाडं कमी म्हणून राहणारे आणि दुबईत काम करणारे रोजचे कित्येक तास रस्त्यावर घालवतात.

वर्तुळातल्या तीन वस्त्या निवडून प्रत्येकीला हे प्रश्न लावा. सरकारी शाळा कोणती मिळते, आणि ती पत्त्यावरून ठरते का? ३ वर्षांच्या मुलाला बालवाडीत जागा आहे का? जर्मनीत वर्षाच्या वरच्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, तरी प्रत्यक्षात जागा कमी पडतात. बर्लिनमध्ये तिची फी नाही, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये ती गावोगावी बदलते. मुलांचे डॉक्टर नवे पेशंट घेतात का? गाडीशिवाय बाजार, शाळा, दवाखाना होतो का? भारतीय लायसन्सवर जर्मनीत पहिले ६ महिनेच चालवता येतं, मग लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तोवर जोडीदार घरात कोंडला जाणार असेल, तर ती वस्ती सोडून द्या.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ही नोकरी गेली तर ५० किलोमीटरच्या आत दुसरी आहे का? किर्लोस्करवाडीसारखं एका कारखान्याभोवती वसलेलं गाव राहायला छान असतं, पण व्हिसा नोकरीला बांधलेला असताना ते जोखमीचं. अमेरिकेत एच-१बी वर नोकरी सुटल्यावर साधारण ६० दिवस मिळतात, ऑस्ट्रेलियाच्या ४८२ या मालकानं प्रायोजित केलेल्या कामाच्या व्हिसावर एका वेळी १८० दिवस. हा आकडा आणि आसपासच्या नोकऱ्या एकत्र बघून गाव ठरवा.

मराठी घरं तासाभराच्या अंतरात दोन-तीन असली तरी पुरे. गणपतीला भेटण्याची सोय झाली म्हणून शाळा आणि प्रवास यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. हवामान मात्र हलक्यात घेऊ नका. विनिपेगला जानेवारीत पारा उणे ३० पर्यंत जातो, हॅम्बुर्गला डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. दम्याचा किंवा नैराश्याचा त्रास घरात असेल तर डॉक्टरांशी बोलून मगच अशी जागा धरा.

पायरी ५: पगार रुपयात मोजू नका

जर्मनीत वर्षाला ६०,००० युरो म्हणजे महिना ५,०००. दोन मुलं आणि न कमावणारा जोडीदार असेल, तर कर आणि विमा जाऊन हातात येतात सुमारे ३,५०० युरो. सरकारी विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळ्या हप्त्याशिवाय येतात, आणि प्रत्येक मुलामागे अडीचशे युरोंहून थोडा जास्त बालभत्ता मिळतो. मध्यम शहरात तीन खोल्यांचं भाडं हीटिंगसह १,२०० धरा, म्युनिकमध्ये २,००० च्या आसपास. महिन्याला ८०० युरोंचा फरक पडला, म्हणजे चौघांची गावाकडची वार्षिक फेरी त्यात निघाली. मोठ्या शहरातला जास्त पगार असा गिळला जातो. हीटिंगसह भाडं हातात येणाऱ्या रकमेच्या ३५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका.

सुरुवातीचा खर्च वेगळा काढा. जर्मनीत अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असते, आणि पुष्कळ घरांत ओटा-सिंकसुद्धा आपण बसवायचं असतं. दुबईत वर्षाचं भाडं मोजक्या चेकांत आगाऊ मागतात. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरावा लागतो: मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६, आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. न्यू साऊथ वेल्समध्ये तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर सरकारी शाळेलाही फी पडू शकते. पहिल्या ४ महिन्यांचा पूर्ण खर्च हातात नसेल तर सगळ्यांनी एकदम जाऊ नये.

पायरी ६: कागद, आणि बाबासोचा घोळ

आपल्याकडचा सगळ्यात नेहमीचा अडथळा नावाचा आहे. दाखल्यावर 'बाबासो', आधारवर 'बाबासाहेब', सातबाऱ्यावर तिसरंच. बायकोच्या पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. परदेशी कचेरीला ही वेगवेगळी माणसं वाटतात. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा, गरज पडल्यास राजपत्रात नावबदल करा, आणि हे काम सर्वांत आधी सुरू करा.

जन्मदाखल्यावर बाळाचं नाव आहे का ते बघा; जुन्या नोंदींत ते बहुधा नसतं. विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत करून घ्या, लग्नपत्रिका आणि फोटो चालत नाहीत. शिवाजी विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) काढायला कोल्हापूरची फेरी आणि वेळ दोन्ही धरा. मुलांचं लसीकरण कार्ड जपा: जर्मनीत बालवाडी-शाळेसाठी गोवराचे दोन डोस झाल्याचा पुरावा मागतात.

अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय दाखला, सगळीकडे चालतं असं समजू नका. कॅनडात २०२४ पासून चालतं. जर्मनी भारतीय अपोस्टिल मानत नाही, तिथले अधिकारी गरज वाटल्यास कागदांची वेगळी पडताळणी करवतात. अमिरातीसाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर दूतावासाचा शिक्का लागतो.

आखाती नोकरी एजंटामार्फत असेल तर त्याचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंट ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त शुल्क घेऊ शकत नाही. लाखाची मागणी झाली तर तिथूनच परत फिरा.

पायरी ७: आधी एक, मग बाकीचे

व्हिसा असणाऱ्यानं ८ ते १२ आठवडे आधी जावं, आणि निवडलेल्या तिन्ही वस्त्या संध्याकाळी, पावसात, सुट्टीच्या दिवशी पायी फिरून बघाव्यात. त्या काळात तात्पुरतं घर घ्या, पण जर्मनीत घरमालक पत्त्याच्या नोंदणीचा कागद देईल का ते आधी विचारा. तो नसेल तर नोंदणी अडते, कर क्रमांक येत नाही आणि पगारातून जास्तीत जास्त दरानं कर कापला जातो.

पायरी ८: मागे राहणारी शेती आणि खाती

निघण्याआधी वारस नोंद आणि भावाभावांतली वाटणी कागदावर आणा. परदेशातून प्रत्येक सहीसाठी महिने जातात. अनिवासी झाल्यावर असलेली शेतजमीन ठेवता येते, वारसानं मिळू शकते, पण नवी विकत घेता येत नाही. म्हणून शेजारचं रान घ्यायचा विचार असेल तर तो निघण्याआधीच तडीला न्या. बँकेचं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नाचं खातं) करून घ्या, तिकडून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई हे अनिवासींचं दुसरं खातं उघडा. ई-पीक पाहणी शेतात उभं राहून करायची असते, ती कोण करणार ते नाव ठरवा. त्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र इथंच, नेमक्या कामांपुरतं नोंदवून ठेवा. ते परदेशातून पाठवायची वेळ आली, तर भारतात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.